हांबुर्ग ते स्ट्रालझुंड : एका शिडाच्या जहाजाच्या मागावर

शनिवार, हांबुर्ग

जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील स्ट्रालझुंड या लहानशा बंदरात 'गोर्ख फॉक' नावाचे एक जुने शिडाचे जहाज संग्रहालय म्हणून उभे आहे. जर्मन आरमाराच्या शिकाऊ खलाशांसाठी १९३३ मध्ये बांधलेले हे जहाज पुढे सोव्हिएत संघाकडे गेले, तेथून युक्रेनकडे आले आणि सत्तर वर्षांनी पुन्हा आपल्या मूळ नावाने ओळखले जाऊ लागले. ते पाहायला थेट बर्लिनहून गेले तर गाडीने सुमारे तीन तास लागतात. आम्ही मात्र मुद्दाम लांबचा रस्ता धरला, कारण जहाज जेथे बांधले गेले ती गोदी हांबुर्गमध्ये आहे आणि ज्या अपघातामुळे ते बांधावे लागले ती जागा फेमार्न बेटाजवळ आहे.

हांबुर्गच्या लांडुंग्सब्रुकन धक्क्यावर उभे राहिले की एल्बे नदीच्या पलीकडे ब्लोम उंड फॉस या कारखान्याच्या तरंगत्या गोद्या समोरच दिसतात. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्यात २ डिसेंबर १९३२ रोजी 'गोर्ख फॉक'चा पठाण, म्हणजे तळाचा कणा, टाकला गेला आणि ३ मे १९३३ रोजी जहाज पाण्यात उतरले. पाच महिन्यांतले हे काम आजही चकित करते. मात्र त्या तारखेच्या आदल्याच दिवशी, म्हणजे २ मे रोजी, नाझींनी देशभरातील कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली होती, हे लक्षात ठेवले म्हणजे त्या जलावतरणाच्या छायाचित्रांतील उत्साहाकडे जरा सावधपणे पाहावेसे वाटते. आम्ही १९११ मध्ये बांधलेल्या नदीखालच्या जुन्या बोगद्यातून चालत पलीकडच्या काठावर गेलो. गोदीच्या आत पाहुण्यांना प्रवेश नाही, त्यामुळे भिंतीबाहेरून क्रेनच पाहायच्या, आणि त्यात फारसा अर्थ नाही.

जहाजाला ज्याचे नाव दिले तो माणूस मात्र इथलाच. योहान किनाऊ हा एल्बेमधील फिंकनवेर्डर बेटावरच्या मच्छीमार घरात १८८० मध्ये जन्मला. 'गोर्ख फॉक' या टोपणनावाने तो तिथल्या बोलीत आणि प्रमाण जर्मनमध्ये लिहीत असे, आणि मासेमारीवरच्या त्याच्या कादंबरीने १९१३ मध्ये त्याला प्रसिद्धी मिळवून दिली. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या आरमारी लढाईत 'वीसबाडेन' या युद्धनौकेवर तो मारला गेला.

दुपारचा सारा वेळ धक्क्यालाच बांधलेल्या 'रिकमर रिकमर्स' या हिरव्या रंगाच्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर गेला, आणि तो गेला याचे समाधान आहे, कारण आमच्या जहाजाच्या गोष्टीत याचा फार जवळचा संबंध निघाला. १८९६ मध्ये ब्रेमरहाफेन येथे मालवाहू म्हणून बांधलेले हे जहाज आधी हाँगकाँगकडे कोळसा नेई आणि परतताना तांदूळ व बांबू आणी. १९१२ मध्ये ते विकले गेले व त्याचे नाव 'माक्स' झाले. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, आझोर बेटांवरील होर्टा बंदरात पोर्तुगालने ते जप्त केले आणि 'फ्लोरेस' हे नाव दिले. १९२४ पासून ते 'सॅग्रेस' या नावाने पोर्तुगीज आरमाराचे प्रशिक्षण जहाज होते. १९५८ मध्ये शिडांच्या जहाजांची मोठी शर्यतही त्याने जिंकली. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याची जागा नव्या 'सॅग्रेस'ने घेतली, आणि हे नवे 'सॅग्रेस' म्हणजे 'गोर्ख फॉक'चे धाकटे भावंड. जुन्या जहाजाचे नाव मग 'सांतो आंद्रे' झाले, काही वर्षे ते लिस्बनला कोठार म्हणून पडून राहिले आणि १९८३ मध्ये हांबुर्गकरांनी ते परत आणले. १९८७ पासून ते पाहुण्यांना खुले आहे. नाळेखालचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाखालचा, मुलाचा पुतळा हा जहाजमालकाच्या नातवाचा. पोर्तुगीज काळात तिथे प्रिन्स हेन्री या दर्यावर्दी राजपुत्राची मूर्ती होती.

पोर्तुगालने नवे जहाज ब्राझीलकडून १९६१ मध्ये विकत घेतले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा त्याच्या हातून गेले. साम्राज्याचा एक तुकडा निसटत असताना त्याच आरमारात शिडांचे एक देखणे जहाज नव्याने दाखल होत होते, ही गंमत गोव्याच्या वाचकांना माझ्याहून अधिक कळेल.

रविवार, फेमार्न

फेमार्न बेट मुख्य भूमीशी १९६३ च्या पुलाने जोडलेले आहे. सकाळी बसने बेटावर पोहोचलो, गावातून सायकली भाड्याने घेतल्या आणि गव्हाच्या व मोहरीच्या शेतांमधून उत्तरेकडच्या गामेनडोर्फ किनाऱ्याकडे निघालो. रस्ता सपाट असला तरी वारा समोरचा होता, त्यामुळे बायकोने दोनदा थांबून पाणी प्यायले आणि मी तिसऱ्यांदा थांबण्याची वाट पाहत राहिलो.

किनाऱ्यावर 'नायोबे'चे स्मारक आहे. 'नायोबे' हे १९१३ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधलेले लाकूड वाहणारे जहाज. पहिल्या महायुद्धात ते जर्मनीच्या हाती लागले आणि १९२२ मध्ये आरमाराने ते घेऊन शिकाऊ अधिकाऱ्यांसाठी शिडांचे जहाज बनवले. २६ जुलै १९३२ रोजी ते या किनाऱ्यासमोरून चालले होते. दिवस उन्हाचा, वारा बेताचा. उकाड्यामुळे दारे व बाजूच्या गोल खिडक्या उघड्या होत्या, आणि बरीचशी मुले खाली वर्गात बसली होती. अशा वेळी वादळाचा एक अचानक झोत आला. शिडे उतरवायला घेतली तोपर्यंत जहाज कलंडले होते, उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले आणि काही मिनिटांत ते बुडाले. ६९ जण मेले. जवळून जाणाऱ्या 'टेरेझिया एल. एम. रुस' या मालवाहू बोटीने ४० जणांना वाचवले. कप्तानावर लष्करी न्यायालयात खटला चालला व तो निर्दोष सुटला.

जहाज महिनाभरातच वर काढून कीलला नेले, मृतांचे दफन केले आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात आरमाराने टॉर्पेडो मारून ते समारंभपूर्वक पुन्हा बुडवले. या अपघातानंतर देशभर लोकवर्गणी जमली. मुलांच्या शिक्षणासाठी शिडाचे जहाज नकोच, असे म्हणणारेही होते, पण आरमाराने उलट अर्थ काढला: जहाज हवे, पण असे की ते कलंडल्यावर परत उभे राहिले पाहिजे.

किनाऱ्यावरून पूर्वेला पुटगार्डनहून डेन्मार्कला जाणाऱ्या फेरीबोटी ये-जा करताना दिसतात, आणि समुद्राखालून नेल्या जाणाऱ्या नव्या बोगद्याचे काम चालू असल्याने क्रेनही दिसतात. समुद्र त्या दिवशी अगदीच शांत होता.

सोमवार, ल्यूबेक ते स्ट्रालझुंड

हा दिवस गाडीत गेला. मेक्लेनबुर्गच्या सपाट प्रदेशातून जाताना विस्मार फाट्याजवळून व रोस्टॉकवरून गाडी जाते. याच दोन बंदरांतील गोद्यांत १९४८ ते १९५० मध्ये बुडालेले 'गोर्ख फॉक' पुन्हा दुरुस्त झाले, त्यामुळे खिडकीतून दिसणाऱ्या क्रेनकडे जरा आपुलकीने पाहिले. गाडीत रोस्टॉकला चहा मिळाला, तोही पिशवीचा.

संध्याकाळी स्ट्रालझुंडला उतरलो. हान्से व्यापारी संघातील हे जुने शहर २००२ पासून विस्मारसह जागतिक वारसा यादीत आहे, आणि विटांची उंच चर्चे त्याची साक्ष देतात. १६४८ नंतर १८१५ पर्यंत इथे स्वीडनचे राज्य होते. लोणच्यात मुरवलेला हेरिंग मासा याच शहरात पहिल्यांदा 'बिस्मार्क हेरिंग' या नावाने विकला गेला, अशी इथल्या लोकांची ठाम समजूत आहे. पावात घालून खाल्ला. आंबट आहे, आणि कोकणातल्या माणसाला तिखटाची उणीव जाणवते.

मंगळवार, जहाजावर

जहाज शहराच्या बंदर बेटावर, 'ओझेऑनियम' या पांढऱ्या पत्र्यांच्या नव्या मत्स्यालयाच्या शेजारी उभे आहे. मत्स्यालयाला २०१० मध्ये युरोपातील सर्वोत्तम संग्रहालयाचा मान मिळाला असल्याने रांगा तिथे असतात. आम्ही तिकडे पाठ करून जहाजाची शिडी चढलो.

लांबी ८२ मीटर, रुंदी १२ मीटर, मोठ्या डोलकाठ्यांची उंची ४० मीटरच्या पुढे, २३ शिडे आणि शिडांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १८०० चौरस मीटर. आकडे हे असे आहेत. पण डेकवर उभे राहिल्यावर प्रथम नजरेत भरतात ते दोर. डोलकाठ्यांच्या बुंध्यांना व दोन्ही बाजूंच्या कठड्यांना लाकडी खुंट्यांच्या ओळी आहेत, आणि प्रत्येक खुंटीला वेगळा दोर, वेगळ्या शिडाचा वा परबाणाचा (शीड बांधायच्या आडव्या काठीचा), आठाच्या आकड्यासारखा वेढून ठेवलेला. शिकाऊ मुलाला हा प्रत्येक दोर पाठ असावा लागे, कारण रात्री वादळात दिवा लावून खुंटी शोधायला कोणी थांबत नसे. मी एका दोरावर हात फिरवला. तो खरखरीत होता आणि खाली खुंटीशी काळा पडला होता. परबाणावर चढलेली मुले पायाखालच्या एका सैल दोरावर उभी राहत आणि पोट लाकडावर टेकवून शीड गुंडाळत, ही गोष्ट डेकवरून वर पाहिल्यावर नीट समजते, आणि मग वर चढण्याची इच्छा राहत नाही.

'नायोबे'चा धडा या जहाजाच्या पोटात आहे. तळाशी पोलादाचे भरघोस नीरम, म्हणजे तोल सांभाळणारे वजन, घातलेले आहे, आडव्या जलरोधक भिंतींनी पोटाचे कप्पे केले आहेत, आणि बांधणी अशी आहे की जहाज जवळजवळ ९० अंशांत आडवे झाले तरी पुन्हा सरळ व्हावे. खाली उतरताना हा विचार मनात होता, त्यामुळे ज्या गोल खिडक्यांकडे एरवी कोणी पाहिले नसते त्यांच्याकडे आम्ही नीट पाहिले. पितळी कड्या घट्ट आवळायच्या, हे प्रत्येक मुलाचे नित्याचे काम.

या नमुन्यावर आरमाराने आणखी जहाजे बांधली, आणि त्यांची नावे पाहिली तर ती कशासाठी दिली हे वेगळे सांगावे लागत नाही: १९३६ चे 'होर्स्ट वेसेल' आणि १९३७ चे 'आल्बर्ट लिओ श्लागेटर', दोन्ही नाझींनी हुतात्मा ठरवलेल्या माणसांची. चौथे, 'हेर्बर्ट नोर्कुस', अर्धवटच राहिले आणि १९४७ मध्ये विषारी वायूच्या दारूगोळ्यासह स्कागेराकच्या समुद्रात बुडवले गेले. पाचवे, 'मिरचा', रुमानियासाठी १९३८ मध्ये बांधले. युद्धानंतर अमेरिकेने 'होर्स्ट वेसेल' घेतले, त्याचे 'ईगल' झाले व आजही ते अमेरिकी तटरक्षक दलाच्या शिकाऊंना घेऊन फिरते. 'श्लागेटर' ब्राझीलकडे 'ग्वानाबारा' म्हणून गेले आणि तिथून पोर्तुगालचे 'सॅग्रेस' झाले, ज्याची हकीकत हांबुर्गच्या धक्क्यावर ऐकली होतीच.

'गोर्ख फॉक'च्या वाट्याला बुडणे आले. युद्धाच्या काळात ते स्ट्रालझुंडला बांधून ठेवले होते. १ मे १९४५ रोजी सोव्हिएत फौजा किनाऱ्यावर पोहोचल्या तेव्हा जर्मन खलाशांनी जहाज शत्रूच्या हाती लागू नये म्हणून सुरुंग लावून इथल्या उथळ सामुद्रधुनीतच बुडवले. पाणी कमी असल्याने ते पुरते झाकले गेले नाही, डोलकाठ्या वर राहिल्या. १९४७ मध्ये सोव्हिएत प्रशासनाने ते वर काढवले, आणि १९५१ पासून 'तोवारिश्च' या नावाने, आधी ओदेसा व पुढे खेरसोन या काळ्या समुद्राच्या बाजूच्या बंदरांतून, ते व्यापारी नौदलाच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. म्हणजे आरमाराची बारा वर्षे आणि सोव्हिएत विद्यार्थ्यांची चाळीस. हिशेब मांडला तर हे जहाज जर्मनांपेक्षा कितीतरी अधिक काळ दुसऱ्यांचे होते. संग्रहालयात मात्र जर्मन नाव मोठ्या अक्षरांत आहे. काही ठिकाणी रशियन अक्षरांतील खुणा अजून दिसतात, आणि त्या पुसल्या नाहीत हे चांगले झाले.

त्या चाळीस वर्षांत १९७४ आणि १९७६ मध्ये 'तोवारिश्च'ने शिडांच्या जहाजांच्या मोठ्या शर्यती जिंकल्या. १९७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशतकानिमित्त न्यूयॉर्कला जहाजांचा मेळा भरला तेव्हा 'ईगल', 'सॅग्रेस', 'मिरचा', 'तोवारिश्च' आणि १९५८ मध्ये त्याच हांबुर्ग कारखान्यात त्याच नमुन्यावर बांधलेले नवे 'गोर्ख फॉक' अशी सारी भावंडे एका बंदरात आली. शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंची आणि एकाच नकाशावरून उतरलेली. पश्चिम जर्मनीने दुसरे जहाज बांधले तेच मुळी पहिले परत मिळण्याची आशा नव्हती म्हणून.

१९९१ नंतर जहाज स्वतंत्र युक्रेनचे झाले आणि इथून पुढची गोष्ट पैशाची आहे. बाँब लावून बुडवले, पाण्यात दोन वर्षे पडले, तरी ते परत उभे राहिले होते. पण ते चालवणाऱ्या शाळेला जहाजाची मोठी दुरुस्ती परवडेना. १९९५ मध्ये ते दुरुस्तीच्या आशेने इंग्लंडच्या न्यूकासलला गेले, तिथे खर्चाचा अंदाज ऐकून देणगीदार मागे सरले, आणि जहाज वर्षानुवर्षे तिथेच अडकले. १९९९ मध्ये त्याला जर्मनीच्या विल्हेल्म्सहाफेनला आणले. अखेर 'टॉल शिप फ्रेंड्स' या संस्थेने ते विकत घेतले. २००३ मध्ये ते दुसऱ्या मोठ्या जहाजाच्या पोटात बसून स्ट्रालझुंडला आले, कारण स्वतःच्या पायाने येण्याची त्याची स्थिती नव्हती. २९ नोव्हेंबर २००३ रोजी त्याला मूळ नाव परत मिळाले. पुन्हा समुद्रात जाण्यायोग्य करण्याची संस्थेची मूळ इच्छा होती, ती अजून पुरी झालेली नाही.

खालच्या मजल्यावरून चालताना पत्र्यावरचा रंग पाहत होतो. एका कोपऱ्यात रंगाखाली गंजाने फुगवटा आला होता, आणि त्याच्या कडेने कोणीतरी नुकतेच खरवडून लाल रंगाचा अस्तर दिला होता. पोलादाचे जहाज पाण्यात बांधून ठेवले म्हणजे ते सतत गंजत असते, त्यामुळे त्याला दर काही वर्षांनी गोदीत उचलून तळ खरवडावा लागतो, आणि तिकिटांच्या पैशांतून हे कधीच भागत नाही. याची जाणीव मुंबईकरांना असायला हवी. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर काही काळ संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने ते बंद झाले, आणि २०१४ मध्ये ती साठ कोटींना भंगारात विकली जाऊन मुंबईच्या दारूखाना भागात तोडली गेली. त्या वेळी जे लेख आले त्यांत भावना फार होत्या आणि वार्षिक देखभालीचा खर्च कोणी द्यायचा हा प्रश्न कमी होता. जर्मनीत तो प्रश्न निदान विचारला गेला, आणि काही अंशी सरकारी निधीने सोडवलाही गेला.

त्यात विरोधाभास असा की दुसऱ्या, म्हणजे आरमाराच्या चालत्या 'गोर्ख फॉक'ची दुरुस्ती सुमारे १ कोटी युरोंच्या अंदाजाने सुरू झाली आणि सुमारे १३ कोटी ५० लाख युरोंवर जाऊन २०२१ मध्ये संपली. ज्या दुरुस्तीवरून संसदेत वादंग झाले, तिच्या एका अंशात मोठ्या भावंडाचे आयुष्य बदलले असते, असे इथल्या स्वयंसेवकांना वाटत असेल तर ते चूक नाही.

बुधवार, डेनहोल्म

शेवटच्या दिवशी रुगेन बेटाला जोडणारा पूल ओलांडताना डावीकडे-उजवीकडे पाहत गेलो, कारण १९३६ चा जुना बांध आणि २००७ चा उंच पूल एकमेकांच्या शेजारीच जातात. मध्ये डेनहोल्म हे बेट आहे, प्रशियाच्या आरमाराचे सुरुवातीचे बंदर. तिथे छोटे आरमारी संग्रहालय आहे. मागे वळून शहराकडे पाहिले की या उथळ पाण्यातच कुठे तरी 'गोर्ख फॉक' दोन वर्षे बुडून होते, हे समजते. पाण्याचा रंग तळ जवळ असल्याने फिकट आहे.

संग्रहालयात शिडांच्या प्रशिक्षणाबद्दल जे वाचले त्यावरून आपल्याकडची आठवण झाली. गोवा शिपयार्डने बांधलेली 'तरंगिणी' ११ नोव्हेंबर १९९७ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली आणि तिच्या मागून, २०१२ मध्ये, 'सुदर्शिनी'. दोन्ही तीन डोलकाठ्यांच्या. ज्या काळात नौदलाच्या नौका संगणकावर चालतात त्या काळातही शिकाऊंना परबाणावर चढवले जाते, कारण वारा बदलला की दहा जणांनी एकाच वेळी एकच दोर ओढावा लागतो, हे पडद्यावर शिकवता येत नाही. 'गोर्ख फॉक'च्या चार भावंडांबरोबर त्या दोन्हींचीही देखभाल त्यांच्या त्यांच्या देशांच्या तिजोरीतून होते, आणि त्या जोवर चालतात तोवर कोणी तक्रार करत नाही.

दुपारच्या गाडीने बर्लिनला निघालो. 'सॅग्रेस' लिस्बनला कोणत्या महिन्यांत बांधलेले असते याची चौकशी करून पुढची सुट्टी ठरवायची आहे. बायकोची अट एकच आहे, की या वेळी सायकली भाड्याने घ्यायच्या नाहीत.